झिजलेल्या ब्रशची गोष्ट, कॉम्प्युटरच्या पडद्यावर

लग्नपत्रिका, वास्तुशांतीची आमंत्रणं, साडीच्या दुकानाची पाटी, चौकातला फ्लेक्स... हल्ली जिकडे बघाल तिकडे कॉम्प्युटरवर काढलेली चित्रं. दिसतात छान, पण कशी? पॉलिश केलेल्या तांदळासारखी. सगळी पानं एकसारखी, सगळ्या रेघा एका जाडीच्या. हाताने सारवलेल्या अंगणात जशी बोटं उमटतात, तसा हाताने रंगवलेल्या चित्रात ब्रश उमटतो. कुठे रंग दाट, कुठे संपत आलेला, कुठे कागद मधूनच डोकावतोय. ती बोटं पुसली गेली की चित्र कुणाचंच उरत नाही.

मग कॉम्प्युटरवर असा ब्रश उमटवता येतच नाही का? येतो की! फक्त त्यासाठी कॉम्प्युटरला शिकवण्याआधी आपल्याला आपला ब्रश नीट ओळखावा लागतो. गेल्या वर्षभरात आमच्या गटाने हेच केलं. मी चित्रकार नाही, बी.ए.ला मराठी घेतलेली साधी गृहिणी. पण जे पाहिलं, शिकले आणि चारजणींना शिकवलं, ते तुम्हालाही सांगावंसं वाटलं.

झालं असं, की आमच्या बचत गटात एक काकू आहेत. पन्नाशी ओलांडलेली, घर दोन खोल्यांचं. पत्रिकांवर, वाणाच्या पाकिटांवर पानाफुलांची वेल रंगवून देतात. त्यांचा एक चार नंबरचा गोल ब्रश आहे, वापरून वापरून टोकाशी दुभंगलेला. दुसरी कुणी असती तर कधीच फेकला असता. पण काकूंची सगळी कला त्या दुभंगातच! ब्रश टेकवायचा, दाबायचा, ओढत उचलायचा. एका दमात पान तयार, आणि मधली शीर आपोआप पांढरी सुटलेली. गावात त्या वेलीला ‘काकूंची वेल’ असंच म्हणतात.

एका छपाईवाल्याने त्यांनी आधीच काढून ठेवलेला वेलीचा एक कागद शंभर रुपयांना नेला. पुढे त्या हंगामात हातात आलेल्या कितीतरी पत्रिकांवर तीच वेल! विचारायला गेलो तर उत्तर मिळालं, “कागद विकत घेतला ना आम्ही?” काकू भांडल्या नाहीत. घरी येताना एवढंच म्हणाल्या, “माझी वेल माझ्याकडेच ठेवता येईल असं काहीतरी शिकवा मला.”

माझ्या भाचीने तिचा पेन टॅब्लेट आणून दिला आणि कॉम्प्युटरवर ‘क्रिता’ नावाचा प्रोग्रॅम घालून दिला. काकूंनी बेताने पेन धरलं, वेल काढली आणि मान हलवली. “ही माझी नाही गं. टूथपेस्ट पिळल्यासारखी दिसतेय!”

तिथून आमचा खरा अभ्यास सुरू झाला.

रेघ नव्हे, ठशांची माळ

पहिली गंमत ही की कॉम्प्युटरचा ब्रश रेघ ओढतच नाही. तो ठसे मारतो. एकाला लागून एक, इतके जवळ की आपल्याला सलग रेघ दिसते. शिवणयंत्राचा टाका बारीक ठेवला की शिवण सलग दिसते आणि टाका मोठा केला की धागा मोजता येतो, तसंच हे. दोन ठशांमधल्या अंतराला तिथे ‘स्पेसिंग’ म्हणतात. ते वाढवून बघा, रेघेची मण्यांची माळ होते!

म्हणजे रेघ टूथपेस्टसारखी का दिसते, ते कळलं? ठसा गुळगुळीत गोल, आणि सगळे ठसे सारखेच. ब्रशचा परिणाम हवा तर दोन गोष्टी बदलायच्या. एक, ठशाचा आकार. दुसरी, हात जसा चालेल तसं त्या ठशाने काय काय बदलायचं ते. बाकी शेकडो बटणं दिसतात, घाबरू नका. सगळी या दोनांचीच पिल्लं आहेत.

हे कोडं सोडवायला शास्त्रज्ञांनीही वर्षं घालवलीत. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये स्टीव्ह स्ट्रासमन याने १९८६ साली ‘केसाळ ब्रश’ या नावाने एक निबंध मांडला. जपानी शाईचित्रातला ब्रश त्याने कॉम्प्युटरमध्ये उतरवला, तो एकेक केस वेगळा धरून. प्रत्येक केसाला थोडी थोडी शाई. ज्या केसाची शाई आधी संपेल, तिथे रेघेत पांढरी फट. घराला चुना देताना कुंचा कोरडा पडत आला की भिंतीवर कसे ओरखडे उमटतात? अगदी तेच. १९९१ साली ‘पेंटर’ नावाचा प्रोग्रॅम बाजारात आला, तो तर चक्क रंगाच्या पत्र्याच्या डब्यात घालून विकत! कागदाचा खरखरीतपणा, खडू, तैलरंग यांची नक्कल हीच त्याची खासियत. आणि १९९७ साली वॉशिंग्टन विद्यापीठातल्या कॅसिडी कर्टिस आणि सहकाऱ्यांनी जलरंग कागदावर कसा पसरतो, कसा वाळतो, याचं गणित मांडलं.

आम्ही निवडलेला क्रिता हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम. फुकट म्हणजे चोरून नव्हे हं! जगभरातली माणसं मिळून तो बनवतात आणि सगळ्यांना मोकळा देतात. २००५ साली तो पहिल्यांदा बाहेर आला. स्वीडिश भाषेत ‘क्रिता’ म्हणजे खडू. मला मात्र आपलं संस्कृत ‘कृत’ आठवतं. केलेलं, हाताने घडवलेलं.

काकूंचा ब्रश घडवताना

क्रितामध्ये तयार ब्रश भरपूर आहेत. पण काकूंचा दुभंगलेला ब्रश त्यात कुठून असणार? तो आम्ही घरीच केला. कृती अगदी पाककृतीसारखी सांगते.

एक जाड पांढरा कागद घ्या. आपला लाडका ब्रश काळ्या रंगात बुडवा, जादाचा रंग फडक्यावर टिपा. आता ब्रश कागदावर नुसता टेकवून उचला, ओढू नका. असे वीस-पंचवीस ठसे घ्या. त्यातला जो बोलका वाटेल, त्याचा दिवसाउजेडी, सावली न पडता फोटो काढा. फोटो कॉम्प्युटरवर घेऊन कृष्णधवल करा आणि कॉन्ट्रास्ट वाढवा, म्हणजे कागद पूर्ण पांढरा आणि ठसा काळा होईल. ब्रशच्या ठशात काळं म्हणजे रंग लागणार, पांढरं म्हणजे कोरं राहणार. मग ‘एफ ५’ दाबलं की ब्रशची खिडकी उघडते. तिथे ब्रशच्या टोकाच्या विभागात ‘स्टॅम्प’ हा पर्याय आहे, त्यातून हा ठसा साठवायचा. झालं टोक तयार!

पण नुसत्या टोकाने भागत नाही. आमची पहिली रेघ रबरी शिक्का मारत गेल्यासारखी आली. मग एकेक मसाला घातला.

आधी दाब. पेन टॅब्लेटचं पेन हलकं टेकवलं की कमी आणि दाबलं की जास्त, असं कॉम्प्युटरला कळतं. ‘साइज’ला दाब जोडला, तशी पानाची सुरुवात बारीक, पोट रुंद आणि शेंडा निमुळता येऊ लागला. काकूंचा हात हलका, म्हणून दाबाची वक्ररेषा वर उचलून दिली. म्हणजे थोड्या दाबातही पान भरतं. हे महत्त्वाचं आहे बरं का! नाहीतर मनगट दुखायला लागतं आणि बाई म्हणते, ‘हे आपल्याला जमायचं नाही.’

मग दिशा. ठसा हाताच्या दिशेने वळला पाहिजे, नाहीतर दुभंग एकाच बाजूला तोंड करून राहतो. ‘रोटेशन’ला ‘ड्रॉइंग अँगल’ जोडला की ठसा रेघेबरोबर वळतो. त्यात किंचित अनियमितपणाही घातला, कारण एकच ठसा पुन्हा पुन्हा आला की डोळ्याला लगेच कळतं. चिमूटभरच हं, जास्त घातला की पान विस्कटतं.

पुढे रंग संपणं. ‘ओपॅसिटी’ला ‘फेड’ जोडला, की रेघ लांबत जाईल तसा रंग फिका होतो. खरा ब्रश पुन्हा रंगात बुडवावा लागतो, इथे पेन उचलून पुन्हा टेकवायचं. आणि एकेक केस वेगळा दिसायला हवा असेल, तर ‘ब्रिसल’ नावाचं वेगळं इंजिनच आहे. त्यात शाई संपत जाण्याची सोयसुद्धा केलेली आहे.

शेवटी कागद. ब्रशची खूण निम्मी ब्रशची असते आणि निम्मी कागदाची. खरखरीत कागदावर कोरडा ब्रश फिरवला की उंचवट्यांना रंग लागतो आणि खळगे कोरे राहतात. ‘टेक्स्चर’ या सोयीत कागदाचा पोत ब्रशला जोडता येतो. काकूंनी त्यांच्या नेहमीच्या हॅण्डमेड कागदाचाच फोटो काढून तो पोत म्हणून दिला.

तीन शनिवार गेले या खटपटीत. चौथ्या शनिवारी काकूंनी पान काढलं. शीर पांढरी सुटली! काकू काही बोलल्या नाहीत. चष्मा काढून पदराने पुसला, परत लावला आणि एकामागून एक पानं काढतच सुटल्या.

पाण्याचा हिशेब

जलरंग हे जरा अवघड प्रकरण. टेबलावर सांडलेला चहाचा थेंब वाळला की त्याची कडा गडद होते, पाहिलंय ना? कडेचं पाणी लवकर उडतं, त्याची जागा घ्यायला मधलं पाणी कडेकडे धावतं आणि सोबत रंगाचे कण नेऊन तिथे टाकतं. जलरंगाच्या डागाची गडद किनार याच कारणाने येते. कॉम्प्युटरचा साधा ब्रश नेमका उलटा. मध्ये गडद, कडेला विरलेला. म्हणून त्यातलं जलरंग चित्र धुरासारखं दिसतं.

यावर घरगुती उपाय आहे. पान किंवा पाकळी वेगळ्या थरावर, म्हणजे लेयरवर रंगवा. त्या लेयरचं ‘अल्फा लॉक’ लावा, मग रंग आकाराबाहेर जात नाही. आता त्याच रंगाच्या गडद छटेने, बारीक आणि फिक्या ब्रशने आतून कडेकडेने फिरवा. सलग नको, मध्ये मध्ये सोडून. लेयरची पद्धत ‘मल्टिप्लाय’ ठेवली की खालचा रंग वरच्यातून दिसतो, अगदी पातळ रंगाचे हात एकावर एक दिल्यासारखा.

रंग मिसळताना आणखी एक फजिती होते. शाळेत आपण शिकलो, पिवळा अधिक निळा म्हणजे हिरवा. कॉम्प्युटरवर शुद्ध पिवळा आणि शुद्ध निळा निम्मा निम्मा मिसळा, चक्क राखाडी येतो! कारण पडद्यावर रंगाची भुकटी नसते, प्रकाश असतो. तिथे लाल, हिरव्या, निळ्या प्रकाशाच्या आकड्यांची नुसती सरासरी निघते. रंगाचे कण प्रकाश कसा शोषतात आणि कसा परतवतात, याचं गणित कुबेल्का आणि मुंक या दोघांनी १९३१ सालीच मांडलं होतं. त्याच्या आधारे प्रागमधल्या शार्का सोखोरोवा आणि ओंद्रेय यामरिश्का यांनी २०२१ मध्ये चित्रकलेच्या प्रोग्रॅममध्ये सहज बसवता येईल अशी पद्धत काढली. तिच्यात पिवळ्यानिळ्याचा हिरवाच होतो! शार्का ही बाई आहे, हे मी आमच्या मुलींना मुद्दाम सांगितलं. आम्ही मात्र सोपा मार्ग धरला. काकूंच्या रंगपेटीतल्या हिरव्यांचे फोटो घेऊन त्यातूनच रंग उचलले आणि त्यांची पॅलेट करून ठेवली.

ब्रश घ्या, पण कुणाची ओळख घेऊ नका

गटातल्या एका सुनेने विचारलं, “मग वारलीचा पण ब्रश करूया का? माणूस, झाड, तारपा, सगळे ठसे तयार. नुसतं टिचकी मारत जायचं!”

इथे मी जरा थांबवलं. वारली चित्रातली रेघ येते बांबूच्या काडीतून. काडीचं टोक चावून चावून मऊ करायचं आणि तांदळाच्या पिठात पाणी व डिंक घालून गेरूच्या भिंतीवर काढायचं. लग्नाचा चौक लिहिणाऱ्या मूळच्या सुवासिनी बायकाच. जिव्या सोमा मशे यांनी ती कला भिंतीवरून कागदावर आणि जगभर नेली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१४ साली वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकनही मिळालं. त्या काडीसारखी ओबडधोबड, पिठूळ रेघ आपण अभ्यासासाठी जरूर करून पाहावी. पण तयार माणसांचे शिक्के मारून ‘वारली पेंटिंग’ म्हणून विकणं, म्हणजे काकूंची वेल छापणाऱ्याने केलं तेच झालं की! सुनेला ते पटलं. आता ती तिच्या आजीच्या ठिपक्यांच्या रांगोळीवर काम करते. क्रितामध्ये ‘मल्टिब्रश’ आहे. एक पाकळी काढली की गोलात आठ ठिकाणी उमटते. रांगोळीसाठी फारच झकास!

काय मिळतं, काय जातं

तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप कशाला? ब्रश आणि रंगपेटी घेऊन बसलं की झालं. खरं आहे. हातात दिवा घेतलेल्या त्या स्त्रीचं चित्र आठवतं? बोटांच्या फटींतून झिरपणारा उजेड, चेहऱ्यावर पडलेली आभा. ‘ग्लो ऑफ होप’. पुष्कळांना ते राजा रविवर्म्याचं वाटतं, पण ते आहे मूळच्या सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांचं, म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातलं. आणि आहे जलरंगातलं. जलरंगात चुकलेलं झाकता येत नाही. तो श्वास रोखून दिलेला हात पडद्यावर नाही. तिथे चुकलं की ‘कंट्रोल’ आणि ‘झेड’. काकू म्हणतात, “हे बटण फार दाबलं की हात आळशी होतो.” म्हणून त्या अजून रोज सकाळी एक पान कागदावर काढतात.

पण मिळतंही खूप. दोन खोल्यांच्या घरात ओला कागद ठेवायचा कुठे? नातू येतो, मांजर येतं, कुकरची शिट्टी होते. पडद्यावरचं चित्र मध्येच सोडून पोळ्या लाटायला उठता येतं, रंग वाळत नाही. साधा पेन टॅब्लेट तीन-चार हजारांत मिळतो, गटाने मिळून घेतला तर जड नाही. कॉम्प्युटर घरातल्या मुलांचा जुना असला तरी सुरुवातीला चालतो. नुसता माउस असेल तर दाब कळणार नाही, पण दाबाऐवजी वेग किंवा ‘फेड’ जोडून बरंच साधता येतं.

छपाईला देताना एवढं लक्षात ठेवा. कागद निवडतानाच ३०० डीपीआय ठेवा. ए-फोर आकाराला ते साधारण २४८० बाय ३५०८ ठिपके होतात. पडद्यावरचा झगझगीत हिरवा छपाईत मंद येतो, म्हणून आधी एक नमुना प्रत काढून घ्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं, लेयर असलेली मूळ फाइल आपल्याकडेच ठेवा. छपाईवाल्याला फक्त तयार चित्र द्या.

हक्काचंही ऐकून ठेवा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे आपण स्वतःहून काढलेलं चित्र विकलं, म्हणून त्याच्या प्रती काढायचा हक्क विकला असं होत नाही. तो हक्क सही करून लेखीच द्यावा लागतो. पण कुणाच्या सांगण्यावरून, पैसे घेऊन चित्र काढलंत आणि वेगळं काही ठरलेलं नसेल, तर पहिला हक्क ऑर्डर देणाऱ्याकडे जाऊ शकतो. तेव्हा ऑर्डर घेतानाच दोन ओळी लिहून घ्या. किती प्रती, कशासाठी आणि चित्राचा हक्क कुणाचा. आमच्या गटाने एक छापील नमुनाच करून ठेवलाय. लाजायचं कशाला? दूधवाल्याचासुद्धा आपण हिशेब लिहितोच ना!

काकूंनी या लग्नसराईत सात ऑर्डरी केल्या. प्रत्येक पत्रिकेच्या कोपऱ्यात, वेलीच्या शेवटच्या पानाखाली त्यांचं नाव आहे. बारीक, पण आहे.

मैत्रिणींनो, आपल्यापैकी प्रत्येकीकडे असं काहीतरी झिजलेलं असतं. दुभंगलेला ब्रश, रांगोळीची खास चिमूट, मेंदीच्या कोनाचा ठरावीक दाब. इतकी वर्षं आपण त्याला सवय म्हणत आलो. ती सवय नाही, ती आपली सही आहे. नव्या यंत्रापुढे बसताना ती दाराबाहेर काढून ठेवू नका. सोबत घेऊन बसा. यंत्राला शिकू द्या आपल्याकडून. येत्या रविवारी दुपारची झाकपाक झाली, की एक पांढरा कागद घ्या, आपला जुना ब्रश रंगात बुडवा आणि पहिला ठसा उमटवा. सुरुवात तिथूनच होते.